बोर्ड जळाला तर काय? शाळांच्या रोबोटिक्स प्रयोगशाळांसाठी खरेदी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांतील खरेदी समित्या, शाळा व्यवस्थापन समित्या आणि मुख्याध्यापक

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

मार्च जवळ आला की उरलेला निधी खर्ची टाकायची धांदल उडते, आणि अलीकडे या धांदलीत ‘रोबोटिक्स प्रयोगशाळा’ नावाची बाब हमखास असते. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग आणायचं ठरवलं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५०,००० अटल लॅब उभारण्याची घोषणा झाली. तेव्हा आज ना उद्या या विषयाची कोटेशनं तुमच्याही टेबलावर येणार. त्यातली ‘मायक्रोकंट्रोलर बोर्ड’ (प्रोग्रॅमनुसार दिवे, मोटारी, सेन्सर चालवणारा छोटा संगणकी बोर्ड) ही एक ओळ कशी वाचावी, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातला माणूस आहे, शाळांना विकण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पुरवठादार तुमच्यासमोर तुलनेचा तक्ता ठेवतो. एका रकान्यात १६ मेगाहर्ट्झ, शेजारी २४०. एकीकडे २ केबी रॅम, दुसरीकडे ५२० केबी. एकात वायफाय नाही, दुसऱ्यात वायफायही आणि ब्लूटूथही, आणि किंमत जवळजवळ तेवढीच. असा तक्ता पाहून कुणीही दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवील. आकडे खोटे नसतात. पण सातवी-आठवीचा वर्ग ज्या कारणाने अडतो, ते कारण त्या तक्त्यात कुठेच नसतं. चौकातल्या सिग्नलचे तीन दिवे आळीपाळीने लावायला, पुढे भिंत आली की गाडी थांबवायला, कुंडीतली माती सुकली की एलईडी पेटवायला १६ मेगाहर्ट्झ पुरून उरतात. वर्ग अडतो तो बोर्ड जळल्यावर.

म्हणून माझी विनंती अशी की बोर्ड काय काय करू शकतो हे विचारण्याआधी, तो जळाल्यावर आपली शाळा काय करणार, हे विचारा. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातून आपोआप निघतात.

तो जळणारच, याबद्दल शंका नसावी. किटमधल्या गाडीची, पिवळ्या गिअरबॉक्सची ती ‘बीओ’ मोटार चाक अडकलं की काही शे मिलिअँपिअर ओढते. बोर्डाच्या एका पिनेतून सुरक्षितपणे घ्यायचे असतात २० मिलिअँपिअर. कुणीतरी मोटार थेट पिनेला लावणारच. कुणीतरी नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची लाल वायर ‘५ व्ही’ लिहिलेल्या भोकात खुपसणार, कारण बाजूच्या ‘व्हीइन’ या, बॅटरीसाठीच असलेल्या, भोकाचा आणि याचा फरक काय ते अजून त्याला कळलेलं नसतं. बोर्ड चालू असताना त्यावर स्टीलची पट्टी पडणार. यात मुलांचा व्रात्यपणा नाही. वीज दिसत नाही, त्यामुळे ती चुकल्याखेरीज कळतही नाही.

आता या कसोटीवर आर्डुइनो युनो, म्हणजे तक्त्यातला १६ मेगाहर्ट्झवाला बोर्ड, बघा. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआच्या एका डिझाइन संस्थेत मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्डुइनो तयार केला, तोच मुळी इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी. युनो आला २०१०मध्ये. आजच्या हिशेबाने तो म्हातारा आहे: ३२ केबीत प्रोग्रॅम, २ केबी रॅम, १४ डिजिटल पिना, ६ अ‍ॅनालॉग. पण युनो आर-थ्रीच्या (तिसऱ्या आवृत्तीच्या) एका प्रकारात एटीमेगा ३२८पी ही आयसी, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली चिप, लांबट, २८ पायांची, काळ्या सॉकेटमध्ये बसवलेली असते. ती जळाली तर चपट्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांकडून हळूहळू उचलायची, नवी आयसी खाचेची दिशा बघून दाबून बसवायची, झालं. सोल्डरिंग नाही, दुरुस्तीला पाठवणं नाही. नवी आयसी काही शे रुपयांत येते, आणि ती पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काउंटरवर मिळते. मागवताना ‘बूटलोडर घातलेली’ असं सांगायचं; बूटलोडर म्हणजे यूएसबीवरून आलेला प्रोग्रॅम आयसीत उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम. कोरी आलीच तर चालू असलेल्या दुसऱ्या युनोला जोडून तिच्यात बूटलोडर चढवता येतो. नववीची मुलं हे एका दुपारी शिकतात, आणि त्या दुपारी मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय हे त्यांना जितकं कळतं तितकं कुठल्याही स्लाइड-शोने कळत नाही.

मात्र इथेच खरेदीची मेख आहे. ‘आर्डुइनो युनो’ याच नावाखाली छोटी, चौकोनी, चपटी आयसी थेट डकवलेला बोर्डही विकला जातो आणि तो थोडा स्वस्त पडतो. काम दोन्ही सारखंच करतात. पण चपटी आयसी जळाली की बोर्ड कचऱ्यात, कारण ती काढून नवी डकवायला हॉट एअर स्टेशन आणि सराईत हात लागतो. तुमच्या निविदेत फक्त ‘युनो आर-थ्री’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कमीत कमी दराचा पुरवठादार तुम्हाला चपटाच बोर्ड देणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा ‘२८ पिनांची डीआयपी आयसी, सॉकेटसह’ हे शब्द विनिर्देशात येऊ द्या; डीआयपी म्हणजे तीच लांबट, पायांची आयसी.

मूळ इटालियन कंपनीचाच बोर्ड हवा का? माझ्या मते शाळेला नाही. आर्डुइनोचा आराखडा खुला आहे. इतरांनी तसा बोर्ड बनवून विकणं पूर्णपणे कायदेशीर आहे, फक्त आर्डुइनोचं नाव आणि चिन्ह लावता येत नाही. मूळ बोर्डाच्या एका किमतीत असे तीन-चार बोर्ड सहज येतात. अशा प्रतिकृतींवर, म्हणजे क्लोनवर, यूएसबीसाठी बहुधा सीएच ३४० नावाची वेगळी चिप असते, तिचा ड्रायव्हर (संगणकाला ती ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर) जुन्या विंडोजवर हाताने टाकावा लागतो. तेवढं एक काम पुरवठादाराकडून करून घ्या, पेन ड्राइव्हवर ड्रायव्हरची प्रत ठेवा आणि निश्चिंत व्हा. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेण्याची घोषणा केल्यावर काही शिक्षकांनी काळजीने विचारलं होतं की आता हे बंद पडेल का. ज्याचा आराखडा जगजाहीर आहे आणि ज्याची आयसी गल्लोगल्ली मिळते, त्याला मालक बदलल्याने लगेच काही होत नाही.

जुन्या संगणकांचाही विचार करा. आपल्या कितीतरी शाळांत अजून विंडोज ७ आहे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची नवी दुसरी आवृत्ती तिथे चालत नाही, तिला विंडोज १० लागतं, जुनी १.८.१९ मात्र बिनतक्रार चालते आणि एकदा टाकली की युनोसाठी इंटरनेट लागतच नाही. तक्त्यातला २४० मेगाहर्ट्झवाला बोर्ड म्हणजे ईएसपी ३२; त्याच्यासाठी बोर्डाचं वेगळं पॅकेज उतरवावं लागतं आणि ते काही शे एमबींचं असतं. तालुक्याच्या गावाबाहेर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, वीस संगणकांवर ते उतरवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

ईएसपी ३२ चा विषय निघालाच आहे, तर त्याच्याबद्दल नीट बोलायला हवं, कारण तक्त्यात जिंकणारा बोर्ड बहुतेक वेळा तोच असतो. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणलेली ही चिप खरोखर कमालीची आहे. मी स्वतः कामात बहुतेक वेळा तीच वापरतो. पण ती ३.३ व्होल्टची आहे आणि तिच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. आपल्या शाळांत सर्वांत लाडका सेन्सर कुठला? दोन डोळ्यांचा, अंतर मोजणारा एचसी-एसआर०४. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची ‘एको’ पिन ५ व्होल्टच बाहेर देते. युनोला तो सरळ जोडता येतो. ईएसपी ३२ ला जोडताना मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहम असे दोन रेझिस्टर टाकून ५ चे ३.३ करावे लागतात. नववीच्या पुस्तकातल्या धाराविद्युतच्या धड्याचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही, पण तो नववीत! सहावीच्या मुलाने सेन्सर सरळ जोडला आणि पिन गेली, तर त्याला त्यातून काय कळणार?

शिवाय ईएसपी ३२ च्या पिनांच्या खोड्या आहेत. ३४ ते ३९ या पिना फक्त वाचू शकतात, एलईडी लावू शकत नाहीत. बोर्ड सुरू होताना १२ नंबरच्या पिनेवर व्होल्टेज असलं तर तो सुरूच होत नाही. वायफाय चालू केलं की अ‍ॅनालॉगच्या निम्म्याहून अधिक पिना मुक्या होतात. नेहमीचा रुंद बोर्ड ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पट्टीवर) बसवला की एका बाजूला वायर खोचायला जागाच उरत नाही. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे आणि तंत्रनिकेतनातल्या मुलाला ती पाठ असते. पण चाळीस मुलांसमोर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत विज्ञानाच्या बाईंना ‘सगळं बरोबर जोडलंय तरी चालत नाही’ अशी हाक सहा टेबलांवरून ऐकू आली, की पुढच्या आठवड्यात ते कपाट उघडत नाही.

नववी-दहावीच्या निवडक मुलांसाठी मात्र थोडे ईएसपी ३२ जरूर घ्या. शाळेत इंटरनेट नसलं तरी हा बोर्ड स्वतःचं वायफाय उभं करू शकतो, आणि शिक्षकांच्या फोनवरून गाडी चालवता येते. ज्या मुलांच्या शेतात पंपाला मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे, रात्रीची थ्री-फेज आली की बाबा घरूनच मोटार चालू करतात, त्यांना हे फार पटकन भिडतं. फक्त रिले मॉड्यूलला (बोर्डाच्या हुकमाने मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला) २३० व्होल्ट जोडायची परवानगी शाळेत कुणालाही देऊ नका. प्रयोगात पंपाच्या जागी ५ व्होल्टची छोटी बुडती मोटार पुरते.

रास्पबेरी पाय पिको हा आणखी एक बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये अवघ्या ४ डॉलरला आला आणि पायथन शिकवायचं असेल तर तो सुरेख आहे. तोही ३.३ व्होल्टचाच. घेतलात तर पिना आधीच सोल्डर केलेला ‘एच’ प्रकार घ्या, नाहीतर खोक्यातून नुसती भोकं असलेली पट्टी निघते.

आणखी एक सापळा. ‘नवीन मॉडेल’ म्हणून युनो आर-फोर सुचवला जाईल. २०२३ चा हा बोर्ड वेगवान आहे, ५ व्होल्टचाच आहे, जुन्या युनोच्या जागी चपखल बसतो. पण आयसी डकवलेली, आणि एका पिनेतून घ्यायचे फक्त ८ मिलिअँपिअर. आपल्या सगळ्या जुन्या किटांत आणि मार्गदर्शिकांत एलईडीसोबत २२० ओहमचा रेझिस्टर सांगितलेला असतो. ५ व्होल्टमधून लाल एलईडीचे २ वजा करा, २२० ने भागा: साडेतेरा मिलिअँपिअर. म्हणजे पहिल्याच धड्यातला पहिलाच प्रयोग मर्यादेबाहेर. आर-फोर घ्यायचाच तर रेझिस्टरही ४७० ओहमचे घ्या आणि मार्गदर्शिका बदला.

पाचवी ते सातवीसाठी मात्र मी युनोचा आग्रह धरणार नाही. तिथे मायक्रोबिट. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना सुमारे दहा लाख बोर्ड फुकट वाटायचं ठरवून हा बनवला आणि तो मुलांच्या हातासाठीच बनवलेला आहे, हे जाणवतं. २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, होकायंत्र, दोन बोर्डांत बोलायला रेडिओ, आणि २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून माइक व स्पीकरही, सगळं बोर्डावरच. म्हणजे पहिले दोन महिने एकही वायर जोडावी लागत नाही, आणि वायर नाही तर जळायची भीतीही फारशी नाही. संगणकाला तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, ड्रायव्हरची भानगड नाही. ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं मेककोड ब्राउझरमध्ये चालतं. नेट नसेल तिथे त्याचं ऑफलाइन अ‍ॅप आधी उतरवून ठेवा. दोष दोन: किंमत क्लोन युनोच्या कितीतरी पट, आणि जळाला तर दुरुस्ती नाही. म्हणून मायक्रोबिट थोडे घ्या, केंद्रशाळेत ठेवा आणि केंद्रातल्या शाळांत फिरवा.

‘स्वदेशी’ हा शब्द निविदेत आला तर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेच्या वेगा प्रकल्पाचा एरीज बोर्ड बघता येईल. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यातच आहे. बोर्डावरचा थेजस ३२ हा रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेच्या जातीचा प्रोसेसर भारतात डिझाइन केलेला आहे, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना तो दाखवायलाच हवा. आठवीच्या वर्गाला मात्र आजघडीला मी तो देणार नाही, कारण अडलेल्या शिक्षकाला त्याच्याबद्दल विचारायला शेजारच्या शाळेत कुणी सापडत नाही.

आता सर्वांत महागड्या चुकीबद्दल. रंगीत प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेले, फक्त स्वतःच्याच खास जोडण्यांनी एकमेकांना जुळणारे आणि फक्त स्वतःच्याच अ‍ॅपवर चालणारे किट. उद्घाटनाला ते देखणे दिसतात. पाहुण्यांसमोर रोबोट काळ्या पट्टीवरून धावतो, टाळ्या पडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. एका तालुक्यात असे किट घेतलेल्या शाळांमध्ये दोन वर्षांनी जाणं झालं. अ‍ॅपची वर्गणी संपली होती, खास केबल तुटल्या होत्या, विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. आत काय होतं ते बघावं म्हणून एक डबा उघडला, तर आत तीच एटीमेगा ३२८पी! वरचं नाव खरवडून काढलेलं. असा डबा घेऊच नका. ज्या भागाचं नाव लपवलेलं आहे, तो भाग मुलांना शिकवता येत नाही आणि शिक्षकांना बदलताही येत नाही.

पैसा वाचवायचा तो बोर्डात वाचवा आणि मोटारींच्या विजेवर खर्च करा. वर्गातले निम्मे ‘खराब’ बोर्ड खराब नसतात. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चार चाकांची गाडी चालवायचा प्रयत्न चाललेला असतो. ती बॅटरी एवढा प्रवाह देऊच शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो. त्यात सगळे जोडतात ते एल२९८एन मोटार ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमावर मोटारीला वीज पुरवणारे) जुन्या धाटणीचे, स्वतःच दोनेक व्होल्ट खाणारे. सहा व्होल्टचे सेल लावले तर मोटारीपर्यंत चारच पोचतात. त्याऐवजी टीबी६६१२ जातीचे ड्रायव्हर आणि चार्ज होणारे एए निकेल सेल मागवा. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सुटे लिथियम सेल मात्र शाळेच्या दारात येऊ देऊ नका. ते शॉर्ट झाले तर आग लागते. आणि दर दोन टेबलांमागे एक साधा मल्टिमीटर हवा. थ्री-डी प्रिंटर नंतर आला तरी चालेल.

शेवटचा मुद्दा बोर्डाचा नाही, नोंदवहीचा आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्रयोगशाळेचं साहित्य आलं की ते जडसंग्रह नोंदवहीत चढतं. एकदा चढलं की ते शिक्षकांच्या नावावर. बोर्ड जळाला तर निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणीत प्रश्न, बदली झाली तर ना-हरकतीसाठी वस्तू मोजून द्यायच्या. अशा वेळी शहाणा शिक्षक काय करील? कपाटाला कुलूप लावील आणि वर्षातून एकदा विज्ञान प्रदर्शनाला ते उघडील. मी त्यांना नावं ठेवणार नाही. उपाय तुमच्या हातात आहे: काही शे रुपयांचा बोर्ड, आयसी, सेन्सर, वायर हे सगळं खडू आणि रसायनांसारखं उपभोग्य साहित्य म्हणून नोंदवा. लेखापरीक्षकांना चालेल अशा शब्दांत त्याचं पत्र शिक्षण विभागानेच काढावं; एकेका मुख्याध्यापकाने ती जोखीम घ्यावी ही अपेक्षा रास्त नाही.

चाळीस मुलांच्या वर्गाला दोघांत एक याप्रमाणे २० बोर्ड, वर ५ राखीव आणि १० सुट्या आयसी धरा. पूर्ण तालुक्यात एकच प्रकारचा बोर्ड घ्या, म्हणजे एका शाळेचे शिक्षक दुसरीकडे जाऊन अडचण सोडवू शकतील आणि केंद्रप्रमुखांकडे आयसींचा छोटा साठा ठेवता येईल. प्रशिक्षण पुरवठादाराच्या अर्ध्या दिवसाच्या प्रात्यक्षिकावर सोडू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आर्डुइनोचे धडे मोफत आहेत. टिंकरकॅड या संकेतस्थळावर संगणकातच सर्किट जोडता येतं, आणि रेझिस्टर न लावता एलईडी जोडला तर पडद्यावर तो फुटलेलाही दिसतो. बोर्ड हातात देण्याआधीचे दोन आठवडे तिथेच काढावेत. हाताने करत शिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून तेच केलं, आणि तिथे शिकलेली माणसं आजूबाजूच्या गावांत आहेत. प्रशिक्षणासाठी त्यांना बोलवा.

आणि निविदा उघडल्यावर, दर बघण्याआधी, प्रत्येक पुरवठादाराला आपल्यासमोर एक साधं काम करायला सांगा. बोर्डावरची आयसी काढायची, दुसरी बसवायची आणि तेरा नंबरच्या पिनेचा दिवा लुकलुकवून दाखवायचा. ज्याला ते येत नाही, त्याच्याकडून विक्रीपश्चात सेवेचं आश्वासन लिहून घेण्यात अर्थ नाही.

कळावे,
आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्सवाला

ता. क. यूएसबी केबल स्वतंत्र ओळीत लिहा. युनोला प्रिंटरसारखी जाड चौकोनी केबल लागते, ती वर्षानुवर्षं टिकते. ईएसपी ३२ आणि पिकोसोबत बाजारात पुष्कळदा निव्वळ चार्जिंगच्या केबल मिळतात. बोर्डावर दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि दोष बोर्डाला दिला जातो. ‘डेटा केबल’ असं स्पष्ट मागा आणि माल ताब्यात घेताना प्रत्येक केबल लावून बघा.